किल्ली कोणाच्या कनवटीला?



मुळशीच्या इतिहासावर काही सांगा, असा निरोप व्याख्यानमालेच्या चालकांकडून आला, तेव्हा त्यांच्या मनात सेनापती बापट आणि धरणाचा सत्याग्रह असणार हे उघड आहे. तो विषय मी टाळणार नाही. परंतु त्याची गाठ आज मी अशा एका वस्तूशी घालणार आहे की, जिचे नाव ऐकून पुढच्या रांगेतील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहतील. ती वस्तू म्हणजे बिटकॉइन, आणि त्याच्या मागून निघालेली क्रिप्टो नाण्यांची सगळी पलटण.

कारण सांगतो. पिरंगुट भागातील एका कारखान्यात काम करणारा एक तरुण दोन वर्षांपूर्वी युनियनच्या कचेरीत आला. पगाराची तक्रार असेल म्हणून मी वही उघडली. पण त्याला तीस हजार रुपये उसने हवे होते. त्याच्या मोबाइलवर क्रिप्टोचे एक अ‍ॅप होते. वडिलांच्या ग्रॅच्युइटीतले चाळीस हजार त्याने त्यात भरले होते आणि पडद्यावर आता दोन लाख साठ हजार दिसत होते. ते काढावयाचे तर आधी ‘कर’ म्हणून तीस हजार एका खात्यावर पाठवा, असे पलीकडून सांगण्यात आले होते. मी विचारले, “हे पैसे तुझे आहेत, हे कशावरून?” तो म्हणाला, “भाऊ, दिसतात की!”

मी पैसे दिले नाहीत. तो रागावून निघून गेला. त्याचे उत्तर मात्र माझ्या डोक्यातून गेले नाही. दिसणारा पैसा आणि हातातला पैसा यांमध्ये जे अंतर असते, त्या अंतरात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या किती पिढ्या पडल्या आहेत, हे मी जुनी पुस्तके चाळू लागलो तेव्हा कळले. मी काही इतिहासाचा पदवीधर नव्हे. कामगारांच्या हिशेबाच्या वह्या वाचता वाचता वाचनाची गोडी लागलेला माणूस आहे. तेव्हा माझा इतिहासही थोडा हिशेबाच्या अंगाने जाईल, त्याला इलाज नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका वाहू लागला की, तो ठेवावा कोठे हा प्रश्न पडला. मग कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे नाव त्या काळी घरोघर झाले होते. त्यांचा दोष किती आणि हव्यासाने आंधळ्या झालेल्या गिऱ्हाइकांचा किती, हा वाद विद्वानांनी करावा. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो ८७ रुपयांना विकावा लागला. म्हणजे ज्यांना वाटते की, नाण्याचा भाव वर्षात चौथाईवर येणे ही संगणकाच्या युगातली नवलाई आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या जवळ गेले होते आणि पुढच्या नोव्हेंबरात ते १६ हजारांच्या आसपास होते. मुंबईच्या शेअरवाल्यांची पडझड याहून मोठी होती.

पण मुंबईच्या शेठजींचे झाले ते झाले. कापसाच्या तेजीत घाटावरच्या शेतकऱ्यालाही सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले होते. भाव पडल्यावर तेच कर्ज फास होऊन बसले. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकरी उठले. या उठावाला दख्खनचे दंगे म्हणतात. माझ्या दृष्टीने त्यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, शेतकऱ्यांनी सावकारांचे गळे कापले नाहीत. त्यांनी कर्जरोखे मागितले. रोखे निमूटपणे हवाली केले तेथे फारशी मारहाण झाली नाही. रोखे मिळाले की चव्हाट्यावर त्यांची होळी करीत. सही कशावर केली हे ज्याला वाचता येत नव्हते, अशा माणसालाही एवढे कळत होते की, आपली जमीन शेतात नाही, ती सावकाराच्या पेटीतल्या कागदात आहे. त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. सुप्यात कागद जळत होते आणि पुण्यात व्याख्याने सुरू होत होती. आजही आपण व्याख्यानच ऐकत बसलो आहोत. असो.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली कायदा आला. त्याने शेतकऱ्याचे कर्ज माफ केले नाही. परंतु रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, सावकाराने पावती द्यावी, मागेल त्याला हिशेब दाखवावा, अशी बंधने घातली. सावकारी त्यामुळे संपली नाही, हे सांगावयास नको.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी आपल्या मुळशीची पाळी आली. टाटा कंपनीने मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची योजना आखली. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा हाताशी होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बापट, विनायकराव भुस्कुटे आणि शेकडो मावळे स्त्री-पुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. हा इतिहास आपण शाळेत ऐकला आहे. त्याच्या आतला पदर मात्र फारसा कोणी उलगडून दाखवीत नाही. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या नावावर चढल्या होत्या. मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला मोबदला चालत होता, नव्हे, हवाच होता. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचे, आणि सरकार पैसे मोजणार ते नावाकडे पाहून. सत्याग्रह मोडला त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण हे एक कारण मला विसरता येत नाही. ज्याचे पाय चिखलात होते, त्याच्या कनवटीला त्या जमिनीची किल्ली नव्हती.

कामगार चळवळीतही आम्ही याच किल्लीसाठी झगडलो. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे मालकाच्या तिजोरीत राहिले, तर कंपनी बुडाली की ते पैसेही तिच्याबरोबर बुडावयाचे. १९५२ चा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला तेव्हा त्याचे मर्म व्याजाच्या दरात नव्हते. पैसे मालकाच्या हातून निघून वेगळ्या निधीत, कामगाराच्या नावे जाऊ लागले, यात होते.

आता इतकी पूर्वपीठिका झाल्यावर बिटकॉइनकडे वळतो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी एक टिपण प्रसिद्ध केले. हा माणूस कोण, एक की अनेक, याचा उलगडा झालेला नाही. जगभर तेव्हा मोठमोठ्या बँका डळमळत होत्या. टिपणातील कल्पना अशी की, पैशाची खतावणी एका बँकेच्या किंवा सावकाराच्या पेटीत न ठेवता तिच्या हजारो प्रती हजारो संगणकांवर ठेवाव्यात. प्रत्येक व्यवहार सर्वांच्या वहीत चढावा आणि मागची ओळ कोणा एकाला खोडता येऊ नये. जानेवारी २००९ मध्ये ही वही सुरू झाली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत, असा नियम तिच्या रचनेतच घातला आहे. एका नाण्याचे दहा कोटी भाग पडतात. त्यामुळे सबंध बिटकॉइन विकत घ्यावे लागते, ही समजूत चुकीची आहे. शे-दोनशे रुपयांचेही घेता येते.

सुप्याच्या शेतकऱ्याला हे दाखवले असते तर तो खूश झाला असता असे मला वाटते. सावकाराला गुपचूप आकडा वाढवता येणार नाही, अशी वही! परंतु याच वहीची दुसरी बाजू आहे. वहीत तुमचे नाव नसते. असतो एक पत्ता, म्हणजे अंकाक्षरांची लांब माळ. त्या पत्त्यावरचे नाणे हलवण्याचा अधिकार एका गुप्त किल्लीला असतो. ही किल्ली बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपाने हाती येते. ते शब्द ज्याच्याकडे, नाणे त्याचे. आपल्याकडे पूर्वी शाहजोग हुंडी चालत असे. ती पतदार आणि ओळखीच्या माणसाच्या हातूनच वटावी असा रिवाज होता, म्हणून चोराला ती पचवणे कठीण जाई. येथे तशी आडकाठी नाही. वही चोराचे तोंड पाहत नाही. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेले नाणे परत मागण्यास मॅनेजरही नाही आणि कचेरीही नाही.

हे शब्द सांभाळण्याची कटकट नको म्हणून बहुतेक लोक पेढीवर खाते काढतात. या पेढ्यांना एक्स्चेंज म्हणतात. तेथे नाणी घेता येतात, विकता येतात. पण नाणी तेथेच ठेवली, तर किल्ली पेढीकडे असते आणि आपल्याला पडद्यावर आकडा दिसतो. म्हणजे बारा पायऱ्या चढून आपण पुन्हा सावकाराच्या ओसरीवर येऊन बसलो. २०१४ मध्ये जपानमधील माउंट गॉक्स ही पेढी बुडाली, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडाली. दूरची उदाहरणे नकोत, तर मुंबईत निघालेल्या वझीरएक्सचे घ्या. १८ जुलै २०२४ रोजी तेथून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली. ज्यांची नाणी चोरीला गेली नव्हती त्यांचीही अडकली, आणि प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले. पुण्याची रुपी बँक आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१३ पासून ठेवीदारांचे हाल झाले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पण बँक ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते. क्रिप्टोच्या पेढीला तेही नाही.

येथवर चोरीची गोष्ट झाली. पुण्याने जी मोठी गोष्ट पाहिली, तीत कुलूप कोणी फोडलेच नाही. लोकांनी आपण होऊन किल्ली दिली. गेनबिटकॉइन या नावाची योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. बिटकॉइन आमच्याकडे द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परत घ्या, असे वचन होते. हिशेब सोपा आहे: एकाचे एक पूर्णांक आठ. संगणकांच्या साहाय्याने नवी नाणी ‘खणून’ हा नफा देतो, असे सांगण्यात येई. आपल्यामागे आणखी माणसे जोडली की वेगळी दलाली. शेवटी बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे स्वतःच काढलेले नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले, आणि त्याला बाजारात किंमत उरली नाही. पुण्यात गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये प्रमुख आरोपी अमित भारद्वाज यास पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये, या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक झाली. आरोपींच्या पाकिटांतील नाणी त्यांनी आपल्याकडे वळवली, असा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील हे खटले सीबीआयकडे सोपवले. तपासासाठी ज्याच्या हाती किल्ली दिली तोही संशयात सापडावा, यावरून या वस्तूचा स्वभाव ध्यानात येतो.

आपल्या तालुक्यात ही गोष्ट सांगण्याचे आणखी एक कारण आहे. हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाचा पार्क आला, डोंगरात लवासा उभे राहू लागले, पौड रस्त्याने प्लॉटची कुंपणे पडली. अनेक घरांत जमिनीचे पैसे एकदम आले, आणि जमीन गेली. एकदाच येणारा पैसा हा फार भाबडा असतो; त्याला वाट विचारणारे पुष्कळ भेटतात. निवृत्तीच्या दिवशी कामगाराच्या हातात पडणारी रक्कम याच जातीची. म्हणून पहिली गोष्ट मी आमच्या सभासदांना सांगतो ती अशी की, जमिनीचे, फंडाचे, ग्रॅच्युइटीचे पैसे या वाटेला लावू नका, आणि कर्ज काढून तर मुळीच नको. महिन्याच्या पगारातून किराणा, फी, औषध आणि हप्ते गेल्यावर जे उरते, आणि जे गेले तरी घरात कोणाला कळणारही नाही, तेवढेच. इतके करूनही घ्यावेच का, असे विचाराल तर माझे वैयक्तिक मत घेऊ नये असेच आहे. परंतु तरुण मंडळी घेणारच, तेव्हा नुसते नाक मुरडून त्यांचे रक्षण होत नाही.

घ्यावयाचे असेल तर सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद झालेल्या पेढीतूनच घ्यावे; मार्च २०२३ पासून या पेढ्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत. अशी नोंद म्हणजे पैशाची हमी नव्हे, एवढेच की दारावर पाटी आहे आणि पाटीमागे माणूस आहे. क्रिप्टो बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारापासून दूर राहण्यास सांगितले होते, ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. पण हे कायदेशीर चलनही नाही. दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. विक्रीच्या वेळी एक टक्का उगमकर पेढीच कापून घेते.

या शेवटच्या वाक्यातच त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर होते. उरलेला कर आपण आपल्या विवरणपत्राबरोबर सरकारला भरतो. ‘पैसे सोडवण्यासाठी आधी कर पाठवा’ असे म्हणून जो खासगी खात्याचा क्रमांक देतो, तो चोर. यात तपासण्यासारखे काही उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच, शंभर-दोनशे रुपयांचे नाणे घ्यावे, ते विकावे आणि पैसे आपल्या बँकेत परत येतात का ते पाहावे. आत जाण्याचा दरवाजा सगळेच दाखवतात. बाहेर येण्याचा आपण स्वतः चालून पाहावा.

नाणे थोडे असेल तर ते पेढीवर ठेवले तरी चालते. मात्र खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुसरे कुलूप लावावे, आणि कोणी पाठवलेल्या दुव्यावरून अ‍ॅप उतरवून घेऊ नये. रक्कम जीवाला लागण्याइतकी झाली, तर आपले स्वतःचे पाकीट करावे. तेव्हा ते बारा किंवा चोवीस शब्द कागदावर आपल्या हाताने लिहावे. मोबाइलमध्ये त्यांचा फोटो काढू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवू नयेत. हे शब्द विचारणारा माणूस, मग तो पेढीचा म्हणवो, पोलिसाचा म्हणवो की मेव्हण्याचा मित्र असो, त्याला ते सांगावयाचे नाहीत. नव्या पत्त्यावर मोठी रक्कम पाठवण्याआधी चिमूटभर पाठवून ती पोहोचली का ते पाहावे. आणि दरमहा ठरावीक टक्के देतो असे जो सांगेल, त्याला गेनबिटकॉइनचा हिशेब मांडून दाखवावा. तो बहुधा तेवढा वेळ बसणार नाही.

तो तरुण चार दिवसांनी परत आला. तीस हजार त्याने पाठवले नव्हते, कारण त्याला ते कोणी दिलेच नाहीत. आम्ही दोघांनी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, सायबर पोलिसांचा फॉर्म भरला. चाळीस हजार अद्याप परत आलेले नाहीत. फसल्याचे कळताच पहिल्या काही तासांत हा फोन केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. त्याने दोन महिने उशीर केला होता, आणि त्याचे कारण लाज. वडिलांना कसे सांगावे, हे त्याला सुचत नव्हते. वडिलांना मीच सांगितले. म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला, “आमच्या आज्यानं भिंतीत हंडा पुरला हुता म्हणत्यात. कुठल्या भिंतीत, ते न सांगताच गेला.”

मावळातल्या निम्म्या घरांत अशी एखादी हंड्याची गोष्ट असते. तेव्हा ज्यांनी आपले स्वतःचे पाकीट केले असेल, त्यांनी तो शब्दांचा कागद सातबाऱ्याच्या आणि विम्याच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवावा, आणि तो कोठे आहे व कशाचा आहे, हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला, बहुधा ते बायकोच असावे, जिवंतपणी समजावून द्यावे.